लिंबू, मद्य आणि संघराज्य

भारतीय संघराज्याची गुंतागुंत समजून घ्यायची तर राज्यघटनेची सातवी अनुसूची वाचावी, असे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगितले जाते. त्याहून थोडक्यात काम होईल असा एक पर्याय आहे. शहरी मध्यमवर्गीय घरांत अलीकडे हौसेने तयार होऊ लागलेल्या ताज्या लिंबाच्या कॉकटेलचा पेला समोर ठेवावा आणि त्यातील प्रत्येक घटक कोणत्या कायद्याखाली तेथवर आला, याचा माग काढावा. मद्य, लिंबाचा रस, साखरेचा पाक, सोडा आणि बर्फ एवढीच त्याची सामग्री. पण मद्य, फळ आणि शीतपेय या तिघांकडे पाहणारे शासन जणू तीन वेगवेगळ्या देशांतले आहे.

प्रथम मद्य. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या आठव्या नोंदीनुसार मादक मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे विषय राज्यांकडे आहेत. ५१व्या नोंदीनुसार त्यावरील उत्पादन शुल्कही राज्यांचेच. २०१६च्या १०१व्या घटनादुरुस्तीने वस्तू आणि सेवा कर आणला, तेव्हा मानवी सेवनासाठीचे मद्य त्यातून स्पष्टपणे वगळण्यात आले. बहुतेक राज्यांच्या स्वतःच्या कर महसुलात मद्यावरील उत्पादन शुल्काचा वाटा साधारण दहा ते पंधरा टक्के असतो. तो हातचा जाऊ देण्यास एकही राज्य तयार नव्हते. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलही राज्यांच्या अधिकारकक्षेत येत असल्याचा निर्णय दिला आणि ही पकड आणखी घट्ट झाली. या व्यवस्थेचा एक परिणाम ग्राहकाला दिसत नाही. मद्यनिर्माता काचेच्या बाटलीवर वस्तू आणि सेवा कर भरतो. पण त्याचे उत्पादन त्या कराबाहेर असल्याने भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. करावर कर चढतो आणि तो शेवटी बाटलीच्या किमतीत उतरतो.

आता सोडा. २२ सप्टेंबर २०२५पासून वस्तू आणि सेवा कराचे टप्पे बदलले. त्यानुसार साखर किंवा स्वाद न मिसळलेल्या साध्या सोड्यावर पाच टक्के कर आहे. त्याच सोड्यात साखर वा स्वाद घातला, म्हणजे बाजारातील टॉनिक वॉटर किंवा लिंबाच्या चवीचे शीतपेय झाले, की कर थेट ४० टक्के. साखरेवर पाच टक्के. आणि ताजे लिंबू? त्यावर काहीच नाही. घरी लिंबू पिळून, पाक करून, साधा सोडा ओतणाऱ्याला करव्यवस्था नकळत शाबासकी देते आणि तयार बाटली आणणाऱ्याला दंड करते. आरोग्याच्या दृष्टीने हे वाईट नाही. मात्र खऱ्या फळाचा रस घातलेल्या सोडायुक्त पेयांवरही तोच ४० टक्के कर आहे, ही यातील मेख. कृत्रिम स्वाद आणि संत्र्याचा अस्सल रस यांत कायदा भेद करीत नसेल, तर उत्पादकाने महागडा रस का वापरावा? यापूर्वी केंद्रीय अबकारी शुल्काच्या काळात बाटलीबंद लिंबूपाण्याला ‘लेमोनेड’ म्हणावे की ‘फळरसावर आधारित पेय’, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. लिंबाची व्याख्या करण्यात आपल्या व्यवस्थेचे जेवढे श्रम खर्च झाले, तेवढे लिंबू पिकवणाऱ्यासाठी झाले नाहीत.

मद्य आणि लिंबू यांची जोडी पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवली, हा समज खरा नाही. इंग्रजी ‘पंच’ या पेयाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराच्या १६३२ सालच्या पत्रात आढळतो. अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला या पाच घटकांवरून, म्हणजे आपल्या ‘पाच’वरून हे नाव पडले, अशी प्रचलित व्युत्पत्ती आहे, काही अभ्यासक ती एका प्रकारच्या पिंपाच्या नावाशी जोडतात. व्युत्पत्तीचा निकाल काहीही लागो, पेय मात्र हिंदुस्थानातील वखारींतून युरोपात गेले, याबद्दल फारसे दुमत नाही. आणि लिंबूवर्गीय फळांचे मूळ तर त्याहून जवळचे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने या कुळाचे मूळस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान यांच्या परिसरात दाखवले. मेघालयातील गारो टेकड्यांत नोकरेक येथे रानटी संत्र्यांच्या रक्षणासाठी वेगळे क्षेत्र राखून ठेवलेले आहे. मणिपूरचे कचाई लिंबू आणि आसामचे काजी नेमू यांना भौगोलिक मानांकन आहे; काजी नेमूला तर आसामने २०२४मध्ये राज्यफळाचा दर्जा दिला. बंगालच्या गंधराज लिंबाचा सुवास ज्याने एकदा घेतला, त्याला बाटलीतल्या ‘लाइम’ स्वादाची कीव येते.

घरच्या पेल्यात ताज्या रसाचा आग्रह का धरावा, याचे उत्तर मात्र रसायनशास्त्रात आहे. लिंबाच्या कुळातील आंबट पेयांचे गणित सोपे आहे: ६० मिलिलिटर जिन किंवा पांढरी रम, साधारण २५ मिलिलिटर लिंबाचा रस आणि २० मिलिलिटर पाक. पाकासाठी साखर आणि पाणी समप्रमाणात घ्यावे. दोन लहान रसदार कागदी लिंबांत एका पेल्याचे काम होते. लिंबू आधी हाताखाली दाबून घोळवावे, म्हणजे रस मोकळा होतो. पिळताना अतिरेक करू नये, कारण सालीखालचा पांढरा भाग कडवट असतो. हे सारे बर्फासह दहा-पंधरा सेकंद जोराने हलवून गाळून घ्यायचे. वितळलेल्या बर्फाचे पाणी हाही या पेयाचा घटकच आहे. ते नसेल तर पेय जहाल लागते. चिमूटभर मिठाने कडूपणा दबतो, हे आपल्या सरबतवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. साल किसून किंवा मुरडून तिच्यातील तेलाचा एक फवारा वरून दिला, की सुगंध पुरा होतो. पिळलेला रस त्याच दिवशी संपवावा. हवेशी संपर्क येताच त्याचा तजेला उतरू लागतो.

मोसंबी आणि संत्र्याच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे जाते. त्यांच्या पेशींत एक चवहीन द्रव्य असते; रस काढल्यावर आम्लाच्या संपर्कात काही तासांत त्याचे रूपांतर लिमोनिन या कडू द्रव्यात होते आणि उष्णता दिल्यास ही क्रिया वेगाने घडते. गाड्यावर तत्काळ प्यालेला मोसंबीचा रस गोड लागतो आणि घरी नेऊन संध्याकाळी प्यालेला कडू, याचे कारण हेच. ही किरकोळ वाटणारी बाब भारताच्या फळप्रक्रिया उद्योगाची एक मोठी अडचण आहे. पंजाबातील अबोहरच्या पट्ट्यातील किनो असो वा मराठवाड्यातील मोसंबी, रस तापवून डबाबंद करायचा म्हटले की कडवटपणा आडवा येतो. तो काढण्याचे तंत्र उपलब्ध आहे, पण त्याला खर्च आहे. नागपुरी संत्रे सोलून खाण्यासाठी अप्रतिम असले, तरी त्याची सैल साल आणि बिया रसाच्या कारखान्याला सोयीच्या नाहीत. त्यामुळे वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील बागायतदार आजही प्रामुख्याने ताज्या फळांच्या बाजारावर अवलंबून आहे. बांगलादेशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले, तेव्हा विदर्भातील संत्र्यांचे भाव गडगडले. एका शेजारी देशाचा निर्णय बागांपर्यंत इतक्या थेट पोहोचतो, कारण मधे प्रक्रिया उद्योगाचा बांध नाही.

लिंबाची कथा याहून चंचल. वर्षातून तीनदा बहार धरता येणारे हे झाड. आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार. उन्हाळ्यात, म्हणजे मागणी शिगेला असताना, बाजारात येणारे लिंबू हस्त बहाराचे. तो धरण्यासाठी पावसाळ्याच्या शेवटी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. पाऊस लांबला तर ताण बसत नाही आणि फूल येत नाही. २०२१च्या उत्तरार्धात देशाच्या अनेक भागांत नेमके हेच घडले. त्यात २०२२चा मार्च विलक्षण तापला आणि आलेली फुले-फळेही गळाली. त्या एप्रिलमध्ये काही शहरांत लिंबू किलोला ३०० रुपयांच्या पुढे गेले. दूरचित्रवाणीवर विनोद झाले, मिठाईच्या डब्यात लिंबे ठेवून भेट दिल्याची चित्रे फिरली. ज्या बागायतदाराकडे त्या वेळी मालच नव्हता, त्याला त्या भावाचा उपयोग शून्य होता. आणि मृग बहाराचा माल एकदम बाजारात आला की तोच भाव तोडणीची मजुरीही निघू न देण्याइतका खाली येतो. महाराष्ट्रात हवामानाधारित फळपीक विमा योजनेत लिंबाचा समावेश आहे, हे स्वागतार्ह. पण विमा नुकसान भरून देतो; साठवण, प्रतवारी आणि रस टिकवण्याच्या लहान केंद्रांची उणीव तो भरून काढू शकत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे, आंध्र प्रदेशातील गुडूर किंवा कर्नाटकातील इंडी या लिंबाच्या पेठांना त्याचीच गरज आहे.

मद्याच्या बाटलीवर शासनाची नजर किती बारीक असते, हे याच्या शेजारी ठेवून पाहावे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि त्याच्या भाषेत मद्य पिणाऱ्याकडे परवाना असणे अपेक्षित आहे. मद्य पिण्याचे कायदेशीर वय महाराष्ट्रात आणि दिल्लीत २५, केरळात २३. गोव्यातून सुटीवरून परतणाऱ्याने आणलेली बाटली सीमेवर गुन्हा ठरू शकते. उत्तर प्रदेशाने २०२१मध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक मद्य घरी बाळगण्यासाठी वार्षिक १२ हजार रुपये शुल्काचा परवाना आणला. उत्तराखंडाने २०२३मध्ये तसाच प्रयोग जाहीर केला आणि विरोध होताच मागे घेतला. मे २०२०मध्ये टाळेबंदी शिथिल होताच मद्याच्या दुकानांपुढे रांगा लागल्या, तेव्हा दिल्ली सरकारने किमतीवर ७० टक्के विशेष शुल्क लावले. संकटात तिजोरीला आठवते ते मद्य, हे त्या आठवड्याने दाखवून दिले.

दुसरीकडे राज्यघटनेचे ४७वे कलम शासनाला मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्यास सांगते. गुजरातेत बंदी आहे, बिहारमध्ये २०१६पासून आहे. मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत अधिकार कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. परंतु स्वतःच्या घराच्या चार भिंतींत पेला उचलण्याचे काय? २०१७मध्ये खासगीपणाचा अधिकार मूलभूत ठरल्यानंतर हा प्रश्न नव्याने उभा राहिला. गुजरातच्या बंदीला या आधारावर आव्हान देणाऱ्या याचिका सुनावणीयोग्य असल्याचे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये म्हटले. डिसेंबर २०२३मध्ये गुजरात सरकारनेच गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत मद्यसेवनाला सवलत दिली. म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराच्या भोजनमेजावर जे चालते, ते सामान्य नागरिकाच्या घरात चालत नाही. बिहारमध्ये खटल्यांनी न्यायालये तुंबली आणि २०२२मध्ये पहिल्यांदा पकडलेल्या व्यक्तीला दंड भरून सुटण्याची तरतूद करावी लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. मात्र जेथे बंदी नाही त्या तमिळनाडूत, कल्लकुरिची येथे जून २०२४मध्ये साठहून अधिक माणसे मिथेनॉलमिश्रित दारूने दगावली. विषारी दारूचे मूळ एकट्या बंदीत नाही. गरिबाला परवडणारे सुरक्षित मद्य आणि प्रामाणिक अंमलबजावणी या दोहोंच्या अभावात ते आहे.

या दोन टोकांच्या मधे देशाची स्वतःची मद्ये चिरडली जातात. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तरीही कायद्याच्या कोष्टकात ती दीर्घकाळ ‘देशी दारू’च्या रकान्यात राहिली आणि तो शिक्का तिला इतर राज्यांत जाऊ देत नाही. स्कॉटलंडची व्हिस्की नागपुरात सहज मिळते. पणजीची फेणी शोधावी लागते. मार्च ते मेच्या हंगामात गोव्यातील घरोघरी पहिल्या धारेच्या सौम्य उर्राकात लिंबाची फोड, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाच्या चवीचे शीतपेय घालून जे पेय होते, ते या देशातील सर्वांत अस्सल घरगुती लिंबू-कॉकटेल म्हणावे लागेल. मध्य भारतातील मोहाच्या दारूचीही हीच कथा. ती गाळणाऱ्या आदिवासी कुटुंबांवर वसाहतकालीन अबकारी कायद्याने जो गुन्हेगारीचा छाप मारला, तो पुसण्याचा प्रयत्न मध्य प्रदेशाने ‘वारसा मद्य’ या वर्गवारीद्वारे अलीकडे केला आहे. परंतु एका राज्याचा वारसा शेजारच्या राज्यात तस्करीचा माल ठरत असेल, तर त्या वारशाला बाजारपेठ मिळणार कशी?

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. मद्याला चवीचा आणि हौसेचा मुलामा देणे म्हणजे त्याचा प्रसारच नव्हे काय? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नसल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले आहे; कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्याचा समावेश आहे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. त्याची किंमत मात्र न पिणाऱ्या स्त्रियाच मोठ्या प्रमाणात चुकवतात. लिंबू आणि साखर मद्याची धार झाकतात, हेही खरे. भारतीय जिन वा रमची तीव्रता बहुधा ४२.८ टक्के असते. ६० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. १० ग्रॅमचे एक प्रमाण मानले, तर आंबटगोड, निरागस वाटणारा तो एक पेला प्रत्यक्षात दोन ठरतो. अंदाजाने ओतणाऱ्याच्या हातून तीनही होतात. घरी कॉकटेल करणाऱ्याने कोणते एक साधन अवश्य घ्यावे, असे विचारले तर उत्तर चकचकीत शेकर हे नाही. मोजमाप हे आहे.

म्हणूनच मद्यधोरणाचा विचार महसूल आणि नीती या दोनच अंगांनी करण्याची सवय सोडायला हवी. कर बाटलीच्या नावावर किंवा ती ‘देशी’ की ‘विदेशी’ यावर न बसवता तिच्यातील अल्कोहोलच्या प्रमाणावर बसवला, तर सौम्य पेये तुलनेने स्वस्त आणि जहाल पेये महाग होतील. आज कित्येक राज्यांत याच्या नेमके उलट घडते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मद्यांना गुणवत्तेच्या समान कसोट्यांवर आंतरराज्य विक्रीची वाट मोकळी करता येईल. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८मध्ये मद्यांसाठी केलेले नियम त्याला पाया देऊ शकतात. सोडायुक्त पेयांवरील कराची श्रेणी त्यातील साखर आणि खऱ्या फळरसाच्या प्रमाणानुसार ठरली, तर आरोग्य आणि बागायतदार या दोघांचेही हित साधेल. मद्याच्या नावाने सोडा विकणाऱ्या छुप्या जाहिरातींना २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. तिची अंमलबजावणी समाजमाध्यमांवरील ‘पाककृतीं’पर्यंत पोहोचली पाहिजे. आणि या सर्वांत कमी खर्चाचे काम म्हणजे लिंबाच्या पेठांजवळ साठवण आणि रस टिकवण्याची लहान केंद्रे उभी करणे.

यातील एकाही सूचनेसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. लागतो तो वेगवेगळ्या खात्यांमधील संवाद. उत्पादन शुल्क विभाग गृहखात्याच्या वा अर्थखात्याच्या सावलीत चालतो, लिंबू कृषी विभागाकडे, रस अन्नप्रक्रिया मंत्रालयाकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्याय विभागाकडे आणि यकृत आरोग्य विभागाकडे. नागरिक मात्र हे सारे एकाच पेल्यात एकत्र करतो. त्या पेल्यातून मद्य वगळले तरी जे उरते ते लिंबू, साखर, मीठ आणि पाणी, म्हणजे या देशाचे सर्वांत जुने आणि निर्विवाद पेय आहे. मद्याचे काय करावे याबद्दल राज्याराज्यांत मतभेद राहतील, राहोत. लिंबाचे काय करावे, याबद्दल मतभेद असण्याचे काहीच कारण नाही. आणि धोरणाचे सर्वाधिक दुर्लक्ष नेमके तेथेच झाले आहे.